लहान वास्तुरचना कार्यालये आपल्या गावासाठी नेमके काय करू शकतात? (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी परिसर)

चिरेबंदी (बेळगाव)

नमस्कार मंडळी. बेळगावात दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन लहानसे वास्तुरचना कार्यालय चालवणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमच्या पोटापाण्याची कामे ठरलेली असतात : उपनगरातला बंगला, जुन्या घरावर चढवायचा मजला, एखाद्या सोसायटीची शाखा, क्वचित मंगल कार्यालय. "समाजासाठीही काही करा" असे कोणी म्हटले, की त्याचा अर्थ बहुतेक वेळा वेशीवरच्या कमानीचे किंवा मंदिराच्या शिखराचे रंगीत चित्र फुकट काढून द्या, एवढाच निघतो. माझे मत असे आहे की गावाला आमच्याकडून चित्रापेक्षा मोजमाप, दुरुस्तीचा सल्ला आणि कागदपत्रांतली मदत यांची गरज कितीतरी अधिक आहे. हे काम लहान कार्यालयालाच जमण्यासारखे आहे, कारण दोन खोल्यांच्या शाळेसाठी मोठे कार्यालय आपली गाडीही बाहेर काढत नाही.

एक उदाहरण देतो. खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीने (शाळा विकास व देखरेख समितीने) आम्हाला विचारले, की जुन्या कौलारू खोल्या पाडून स्लॅबच्या बांधाव्यात का. पाहिले तर भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या, कुठे तडा नाही. वासे शाबूत होते. गळतीची कारणे दोनच निघाली : वाऱ्याने आणि माकडांनी सरकवलेली मंगलोरी कौले, आणि दोन छपरांच्या मधल्या पन्हळीचा सडलेला पत्रा. कौलांखालच्या रिपांपैकी (लाकडी पट्ट्यांपैकी) काही वाळवीने पोखरल्या होत्या. आम्ही इमारतीचा मोजणी नकाशा, दोन पानांचे एस्टिमेट आणि सुताराने व गवंड्याने कोणते काम आधी व कोणते नंतर करायचे याचा क्रम, एवढेच लिहून दिले. दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी उरकली आणि तिचा खर्च नव्या खोलीच्या खर्चाच्या जवळपासही गेला नाही.

त्याच शाळेत दिव्यांग मुलांसाठी केलेला सिमेंटचा उतार होता. जोते दीड फूट उंच आणि उतार जेमतेम चार फूट लांब. एकास बारा हे प्रमाण धरले तर दीड फूट चढायला अठरा फूट लांबी लागते. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यामुळे 'उतार आहे' ही नोंद कागदावर पडली. पण त्या उतारावरून चाकाची खुर्ची ढकलायला दोन दांडगी माणसे लागतील आणि ती उतरवायला तर चार. अठरा फुटांची जागा समोर नव्हती, ती व्हरांड्याच्या कडेने वळसा घेऊन काढता आली. हे शोधायला तासभर लागला, आणि असा तासभर देणारा माणूस गावाला मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पब्लिक आर्किटेक्चर' या संस्थेने वास्तुरचनाकारांना आपल्या कामाच्या वेळेतला एक टक्का लोकोपयोगी कामाला देण्याचे आवाहन केले होते. आठवड्याला चाळीस तास धरले तर माणशी वर्षाला साधारण वीस तास होतात. चार माणसांच्या कार्यालयाचे ऐंशी तास म्हणजे वरच्यासारख्या तीन-चार शाळा सहज होतील. हे आपल्याकडे कसे बसवावे, कोणाच्या मार्फत करावे, पैसे घ्यावेत की नाही, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे. सीमाप्रश्नावर बोलायला दुसरे धागे आहेत. येथे इमारतींवरच राहावे, ही विनंती.

सुलभाबाई (निवृत्त शिक्षिका, खानापूर)

चिरेबंदी, आपला धागा वाचून बरे वाटले, पण काही गोष्टी स्पष्टच लिहिते. शाळेवर येऊन फोटो काढणारे, मुलांबरोबर उभे राहणारे आणि महिन्याभराने एक चकचकीत चित्र पाठवून देणारे पाहुणे आम्ही भरपूर पाहिले आहेत. ते चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत पिवळे पडते. शाळेची इमारत शिक्षण खात्याची असते. एसडीएमसीला खिडकी बदलायची झाली तरी ठराव लागतो, आणि खोली पाडायची असेल तर अभियंत्याचा दाखला लागतो. वास्तुरचनाकाराने हा मार्ग आधी समजून घेतला नाही, तर त्याचा एक टक्का वेळ वायाच जातो.

दुसरे असे, की मोजणीला येताना स्वयंपाकाच्या बाईंशी बोलल्याशिवाय परत जाऊ नये. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकाच्या खोलीत खिडकी असते, पण ती भांडी ठेवायच्या कट्ट्यामागे, आणि वाफ जायला वर काहीच वाट नसते. शंभर मुलांचा भात उतरवताना पातेले जमिनीवरून उचलून दाराच्या उंबऱ्यावरून बाहेर न्यावे लागते. तो उंबरा काढला आणि शेगडीचा कट्टा गुडघ्याइतका केला, तर भाजण्याचे निम्मे प्रसंग टळतील. हे कोणत्याही नकाशात दिसत नाही.

आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार शाळेच्या मैदानाकडे उघडू नये. दार आडोशाला असेल तर मुली जातात, नाही तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. मी आयुष्यभर शिकवले, त्यामुळे हे खात्रीने सांगते.

ओळंबा (निपाणी)

मी बांधकामाचे ठेके घेतो. वडीलही गवंडीच होते. फुकट मिळालेल्या नकाशाविषयी माझा अनुभव असा, की त्यात खोल्यांची मापे असतात आणि बाकी सगळे आमच्यावर सोडलेले असते. लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) कुठपर्यंत न्यायचा, छज्जाचे पाणी कुठे टपकणार, जिन्याखाली संडासाचा पाइप कसा जाणार, हे विचारायला फोन केला तर साहेब दुसऱ्या साइटवर असतात. मालकाला वाटते नकाशा आला म्हणजे काम झाले. म्हणून माझी सूचना अशी आहे, की नकाशे कमी द्या, पण पहिला थर लावताना आणि स्लॅब ओतायच्या दिवशी स्वतः साइटवर या. त्या दोन दिवसांत जे बिघडते ते पुढे कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

गवंड्यांना शिकवणे हेही मोठे काम आहे. केरळात वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न घालता उभ्या लावून मधे पोकळी ठेवण्याची पद्धत, म्हणजे रॅट ट्रॅप बाँड, खूप ठिकाणी वापरली. तिच्यात नऊ इंची भिंतीला सुमारे पाव विटा वाचतात, आणि पोकळीमुळे घरात उकाडाही कमी होतो. आम्ही एका गोठ्यावर ती करून पाहिली. आपल्याकडच्या भट्टीतल्या विटा एकसारख्या नसतात, कडा मारलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून गिलावा करावाच लागला आणि वाचलेल्या पैशांतले काही तिकडे गेले. तरीही पद्धत चांगली आहे. फक्त आधी विटा निवडून घ्याव्या लागतात. हे पुस्तक वाचून गवंड्याला कळत नाही, शेजारी उभे राहून दोन थर लावून दाखवावे लागतात.

तुळई (कोल्हापूर)

मी संरचना अभियंता आहे. माझे आजोळ रायबाग तालुक्यात आहे, त्यामुळे कृष्णाकाठाची ओढ सुटत नाही. येथे जबाबदारीचा मुद्दा कोणी काढला नाही, तो मी काढतो. काम फुकट केले म्हणून भिंत पडल्यास जबाबदारी कमी होत नाही. अथणी-रायबागकडे काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. खानापूरकडे हात-दोन हात खाली जांभा लागतो. एका तालुक्यातला पाया दुसऱ्या तालुक्यात तसाच उचलून टाकता येत नाही. म्हणून वास्तुरचनाकारांनी समाजकार्य करताना अभियंत्यालाही सोबत घ्यावे, आणि त्याचाही एक टक्का मागावा.

वास्तुरचनाकारांविषयीचा कायदा १९७२ चा आहे. तो 'आर्किटेक्ट' ही उपाधी कोणी लावावी हे ठरवतो. मात्र ते काम करायला इतरांना मनाई करत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. त्यामुळे गावातले नव्वद टक्के नकाशे डिप्लोमावाले किंवा ठेकेदार काढतात, याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. (नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कोणी सर्वेक्षण समजू नये.) त्यांच्याशी स्पर्धा न करता त्यांच्या नकाशावर नजर टाकून देणे, ही लहान कार्यालयाची मोठी मदत ठरेल.

आता पुराविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या चारही नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात हाहाकार केला. मातीच्या भिंती बहुतेक ठिकाणी वरून पडल्या नाहीत. पाणी दोन-तीन दिवस साचून भिंतीचा तळ भिजला, तो बसला आणि वरचा भाग त्यावर कोसळला. ज्या जुन्या घरांत छपराचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर होता, तेथे भिंत गेली तरी छप्पर उभे राहिले आणि माणसे वाचली. १९९३ च्या किल्लारी भूकंपातले चित्र याच्या उलट होते, कारण तेथे जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचा मातीचा भार, दोन्ही अंगावर आले. म्हणजे 'माती वाईट, सिमेंट चांगले' इतके सोपे हे प्रकरण नाही. बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावी वास्तुरचनाकार अ‍ॅना हेरिंगर यांनी २००५ साली माती आणि बांबूची शाळा बांधली, तिला पुढे वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला. त्यांनी गावाच्या मातीकामात मुख्य भर घातली ती विटांचा पाया आणि त्यावर ओल रोखणारा थर, ही. आपल्याकडे पूररेषेच्या काठावर ज्यांना मातीचेच घर परवडते, त्यांना जोते उंच दगडी करा आणि ओल तोडा, एवढे सांगणारा माणूस हवा.

त्या वर्षी पूर्ण पडलेल्या घरांना सरकारने पाच लाखांपर्यंत मदत जाहीर केली आणि रक्कम बांधकामाच्या टप्प्यानुसार देण्याचे ठरवले. पाया झाल्याचा फोटो, मग लिंटेलचा, मग छपराचा. माझ्या नातलगांच्या गावात अनेकांनी पहिल्या हप्त्यात एवढा मोठा पाया घातला, की पुढचे हप्ते त्याला पुरले नाहीत, आणि ती घरे अजून जोत्यावरच आहेत. चारशे चौरस फुटांत, पुढे वाढवता येईल असे घर आखून देणारा कोणी तेव्हा तेथे हवा होता.

चिरेबंदी (बेळगाव)

तुळई सर, शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे. 'पुढे वाढवता येईल असे घर' ही आमच्या शिक्षणातली गोष्ट, पण पंचनाम्याच्या गडबडीत ती कोणालाच सुचत नाही.

पैशांबद्दल माझे मत लिहितो. पूर्णपणे फुकट काम करू नये, असे मला वाटते. फुकट दिलेल्या एस्टिमेटकडे समितीही फुकट म्हणूनच पाहते, आणि शेजारच्या गावातल्या नव्या पदवीधराच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच. आम्ही शाळांकडून केवळ येण्याजाण्याचा खर्च घेतो, पण पत्र मात्र नेहमीच्या ग्राहकाला लिहितो तसेच लिहितो : काम काय, आम्ही काय देणार, काय देणार नाही, साइटवर केव्हा येणार, आणि संरचनेची सही कोणाची. सुलभाबाईंच्या सूचनेनुसार त्यात 'एसडीएमसीचा ठराव हाती आल्यावर काम सुरू' हे वाक्य यापुढे घालू.

पालखीवाट (खानापूर)

शाळांची चर्चा झाली, मी देवळाकडे वळतो, कारण गावातला सर्वांत जास्त पैसा तिकडे जातो. आमच्या भागात कित्येक गावांत महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांच्या अंतराने भरते. यात्रा ठरली की वर्ष-दोन वर्षे आधीपासून गावाचे रूप बदलू लागते : मुंबई-पुण्यातली मुले पैसे पाठवतात, प्रत्येक घर रंगते, निम्मी घरे पाडून नवी होतात, देवळाचा जीर्णोद्धार निघतो, आणि रथ जायच्या रस्त्यावरचे छज्जे, पायऱ्या आणि तारा यांवरून भांडणे होतात. एवढे बांधकाम एका गावात एरवी वीस वर्षांतही होत नाही. पण त्या वेळी गावाकडे संपूर्ण रस्त्याचा एक साधा नकाशासुद्धा नसतो.

एखाद्या कार्यालयाने यात्रेच्या दोन वर्षे आधी रथमार्ग मोजून दिला, प्रत्येक घराचे जोते आणि छज्जा रस्त्यात किती आला आहे ते दाखवले, आणि त्याच वेळी गटार कोणत्या बाजूने न्यावे हे ठरवून दिले, तर यात्रेचा खर्च गावाच्या कायमच्या उपयोगी पडेल. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले; त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आहे. मंडप दुसऱ्या दिवशी उतरला असेल, विहीर राहिली.

देवळांबद्दल थोडे परखड लिहितो. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ किंवा देगावचे कमलनारायण देऊळ पुरातत्त्व खात्यामुळे वाचले. पण गावोगावची लाकडी खांबांची, कौलारू सभामंडपाची साधी देवळे कोणाच्या यादीत नाहीत, आणि ती दर यात्रेला एक-दोन करून संपत आहेत. त्यांच्या जागी तेच ते सिमेंटचे शिखर येते. पंच मंडळी वाईट नसतात. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणी ठेवलेलाच नसतो. 'खांब तसेच ठेवून, खालची सडलेली टोके कापून दगडी बैठकीवर बसवता येतात, आणि त्याला इतका खर्च येईल' असे आकड्यांसह पंचांच्या बैठकीत कोणी सांगितले, तर निदान चर्चा तरी होते. आमच्या शेजारच्या गावात अशी चर्चा झाली आणि सभामंडप वाचला. गाभाऱ्यावर शिखर मात्र सिमेंटचेच आले. चालायचेच.

ओळंबा (निपाणी)

पालखीवाट यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो. खांबाची टोके कापून बैठकीवर घेणारे सुतार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि तेही साठीच्या पुढचे. वास्तुरचनाकारांनी अशा सुतारांची नावे एकमेकांना द्यावीत आणि त्यांच्यासोबत एक तरुण पोरगा ठेवायची अट घालावी. आमच्या निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींची छपरेही अशीच लाकडी आहेत. त्यांचा वापर बदलायचा झाला तर हेच हात लागणार आहेत.

ई_खाता_त्रस्त (बेळगाव तालुका)

आपण सर्वजण इमारतींबद्दल लिहीत आहात, पण माझ्यासारख्याचे गाडे इमारतीपर्यंत पोहोचतच नाही. वडिलोपार्जित घर पाडून बांधायचे आहे. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तूवरचा (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदवहीतला) नमुना ९ आणि ११ लागतो, त्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही, सर्व कागद कन्नडमध्ये, आणि बँकेला नकाशा हवा. मला कन्नड बोलता येते, वाचताना मात्र दमछाक होते. आईला तर सही कशावर करतो आहोत तेही कळत नाही. वास्तुरचनाकाराकडे गेलो तर तो म्हणतो, कागद नीट करून या.

चिरेबंदी (बेळगाव)

आपली तक्रार रास्त आहे. हद्दीचा वाद आम्ही सोडवू शकत नाही, ते काम सर्वेअरचे आणि वेळ पडल्यास वकिलाचे. पण घराची प्रत्यक्ष मापे, चारही बाजूंचे शेजारी आणि कागदावरचे क्षेत्र हे एका पानावर शेजारीशेजारी मांडून दिले, तर पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर) बोलणे सोपे होते. आमच्या कार्यालयात नकाशावरच्या सूचना आम्ही कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहितो. त्याला जास्तीचा अर्धा तास लागतो, आणि त्यामुळे घरच्या बायकांनाही नकाशात बोलता येते. आमच्याकडची एक सहकारी गोकाकची आहे. कन्नड मजकूर तीच तपासते. अशी जोडी प्रत्येक कार्यालयाला सहज मिळू शकते.

धोटा (वडगाव)

मी विणकर आहे. खासबाग, वडगाव, शहापूर या भागांत घर आणि माग एकाच छपराखाली असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्या घरात माग सोप्यात होता. आता भावांच्या वाटण्या होऊन जागा अरुंद झाली, म्हणून लोक पॉवरलूम वरच्या मजल्यावर नेऊ लागले आहेत. दिवसभराच्या धक्क्याने भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. घरात अभ्यास करणाऱ्या मुलांना आवाज, म्हाताऱ्यांना सुताचा कोंडा. बँकेच्या नकाशात मागाच्या खोलीला 'हॉल' म्हणून दाखवतात, त्यामुळे त्या खोलीचा विचार कोणीच करत नाही. माझ्या घराची जागा पंधरा फूट बाय पंचेचाळीस आहे. दोन माग आहेत, आणि पुढच्या वर्षी वर स्लॅब टाकायचा आहे. तुम्ही मंडळी काय सुचवाल?

तुळई (कोल्हापूर)

माग वर नेऊ नये, हे पहिले. तळमजल्यावर ठेवून त्याच्याखाली काँक्रीटचा वेगळा ठोकळा करावा आणि तो घराच्या पायाला व फरशीला चिकटू देऊ नये; मधे दोन-तीन इंचांची फट सोडून ती वाळूने किंवा फोमने भरावी, आणि मागाच्या पायांखाली रबराचे पॅड द्यावेत. दाराच्या कोपऱ्यातल्या चिरा लिंटेल तोकडा असल्यामुळेही पडतात. तो भिंतीत दोन्ही बाजूंनी पुरेसा आत गेला आहे का, ते गिलावा खरवडून पाहावे लागेल.

चिरेबंदी (बेळगाव)

धोटा, पंधरा बाय पंचेचाळीसमध्ये माग रस्त्याच्या बाजूला, मग जिना आणि चार फुटांचा उघडा चौक, आणि राहत्या खोल्या मागे, अशी मांडणी बसू शकेल असे वाटते. चौकामुळे आवाज आणि कोंडा दोन्ही अडतील, आणि मधल्या खोल्यांना उजेड मिळेल. मात्र आपल्या भागातले पावसाचे पाणी बळ्ळारी नाल्याकडे उतरते, त्यामुळे चौकातले पाणी कुठे काढायचे हे जागेवर पाहिल्याशिवाय सांगणार नाही. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की आम्ही येऊन मोजून घेतो. आपल्या गल्लीत आणखी कोणी याच अडचणीत असतील तर त्यांनाही कळवा, म्हणजे सर्व घरांची मापे एकत्र घेता येतील. स्लॅबचा ठेका तोपर्यंत कोणाला देऊ नका.